९६ कोअर घरी आणून करायचं काय?

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘ओम’ नावाच्या प्रोसेसरचा आराखडा मांडला, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत एकच पालुपद चालू आहे. आता हाच घरोघरच्या पीसीत येणार, इंटेलची सुट्टी! एका प्रोसेसरमध्ये ९६ कोअर, तेही आर्मच्या निओव्हर्स व्ही१ जातीचे, ५ नॅनोमीटरवर घडवायचे. अभिमान वाटावा असंच काम आहे, वाद नाही. पण मंडळी, तो महासंगणकासाठी आखलेला आहे. घरच्या टेबलावर तो यावा हा हट्ट चुकीचा आहे.

आम्हा नाशिककरांना हे द्राक्षावरून लगेच कळावं. दिंडोरीच्या बागेत विरळणीला ९६ माणसं लावा, काम चटकन उरकेल. पण ऑक्टोबर छाटणीनंतर घड तयार व्हायला साडेतीन-चार महिने लागतात, ते ९६ माणसांनी कमी होत नाहीत. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली हेच सांगितलं. कामाचा निम्मा भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर ९६ कोअर लावूनही वेग दुपटीच्या आतच राहतो. अगदी दहाच टक्के भाग तसा असला तरी जेमतेम नऊपट. आणि आपण पीसीवर करतो काय? टॅली, पत्रं, ब्राउझर, लग्नाचे फोटो.

‘पण कोअर तर वाढतच आलेत की!’ हो, पण हौसेने नाही, नाइलाजाने. घड्याळाचा वेग वाढवला की चिप तापायची. इंटेलने २००४ साली ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि २००५ मध्ये दोन-दोन कोअरचे प्रोसेसर पीसीत आले. आर्म पीसीत चालत नाही असंही माझं म्हणणं नाही. अॅपलच्या २०२० च्या एम१ ने ते दाखवून दिलं, पण किती कोअरवर? आठ! त्यातलेही चार दमाचे आणि चार वीज वाचवणारे.

आपल्याकडे हे एकदा होऊनही गेलंय. क्रे महासंगणक मिळेना म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, एकमेकांना जोडता यावेत म्हणूनच घडवलेले. तेच ट्रान्सप्युटर टेबलावरच्या यंत्रात घालायचा प्रयत्न अटारीने केला. फारसे विकले गेले नाहीत. प्रोग्राम समांतर चालण्यासाठी नव्याने लिहावे लागतात, आणि घरच्या पीसीसाठी ते कोण लिहिणार?

त्याच सी-डॅकची एक गोष्ट मात्र खरोखर साध्या पीसीपर्यंत पोचली, तिचं कौतुक कुणी करत नाही. जिस्ट! आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम सी-डॅकने पुढे नेलं, आणि पीसीत एक कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटू लागली. (इनस्क्रिप्टचा कळफलक मी आजही वापरतो, घरचे हसतात.) त्याला ९६ कोअर लागले नव्हते. नागपूरच्या मावसभावाला माझं एवढंच विचारणं आहे: सी-डॅकच्याच ‘वेगा’ मालिकेत चार कोअरचा आरआयएससी-व्ही प्रोसेसरही आहे. त्यावर मराठी शुद्धलेखन तपासणारं चांगलं सॉफ्टवेअर चालावं, यासाठी सरकारकडे पैसे मागायला तू सही देतोस का?