सारवलेल्या भिंतीचा वास

केनियात मसाई माराच्या सेकेनानी गेटाअलीकडे एका वस्तीवर आम्ही दुपारी उतरलो. बाभळीच्या काटेरी फांद्यांचं गोल कुंपण, त्याच्या आतल्या कडेनं बुटकी घरं आणि मधलं मोकळं आवार रात्री गुरांसाठी. या वस्तीला मसाई ‘एन्कांग’ म्हणतात. माणशी पैसे आधीच ठरले होते. लाल शुका पांघरलेल्या तरुणांनी उड्यांचा ‘अडुमू’ करून दाखवला. अंग ताठ, टाचा जमिनीला लागू न देता, गळ्यातून घुमणाऱ्या सुरावर. नाच देखणाच आहे, पण बरेच पाहुणे तेवढाच टिपून गाडीकडे वळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण खरी वस्ती घरात आहे, आणि घर बांधते बाई. काठ्यांचा सांगाडा उभा करायचा, माती आणि शेण लिंपायचं, छप्पर गळलं की पुन्हा तिनंच लिंपायचं. आत शिरताना बोळासारखं वळण लागतं. मग काळोख, चूल, धूर आणि मुठीएवढं भोक. डोळे सरावण्याआधी वासानंच ओळख दिली. कोकणातल्या आजोळी आजी पडवी सारवायची, तेव्हा हाच वास दिवसभर घरात राहायचा. इथे भिंतीवर बोटांचे ओळीनं अर्धगोल उमटलेले. मी हवेत हात फिरवून आजीचं सारवण दाखवलं, तशी घरची बाई खळखळून हसली आणि तिनं माझा पंजा त्या अर्धगोलांवर ठेवला.

मग तिनं दूध ठेवायचा भोपळा दाखवला. रानऑलिव्हच्या लाकडाचे निखारे आत फिरवून तो स्वच्छ करतात. त्यानं दूध टिकतं आणि त्याला धुराची चव येते. कुणाला किती दूध द्यायचं, हेही तीच ठरवते. जगातल्या गाई एन्काय देवानं आकाशातून आपल्यासाठीच खाली सोडल्या, अशी मसाईंची श्रद्धा आहे.

गुरं कुठवर नेता, असं बाहेर एका म्हाताऱ्या आजोबांना विचारलं. त्यांनी काठीनं राखीव जंगलाची हद्द दाखवली. पलीकडे चराईला बंदी. ही काठी मला विसरता येत नाही. 1904 च्या करारानं ब्रिटिशांनी रिफ्ट खोऱ्यातली आणि 1911 च्या करारानं लायकिपियाची कुरणं गोऱ्यांसाठी रिकामी करून घेतली. मसाई कोर्टात गेले. हा दोन राज्यांमधला करार, आमच्या कक्षेत येत नाही, असं म्हणून 1913 साली कोर्टानं त्यांना परत पाठवलं. 1959 मध्ये आजच्या टांझानियाच्या बाजूला सेरेंगेटीतूनही त्यांना उठवलं गेलं. आपण ज्याला अस्पर्श रान म्हणून डोळे भरून पाहतो, तिथं यांच्या गाई चरत होत्या.

निघताना पाच-सहा वर्षांचा एक मुलगा समोर आला आणि मान खाली घालून उभा राहिला. लाजतोय असं वाटलं. आमचा वाटाड्या म्हणाला, “नमस्कार करतोय, डोक्याला हात लावा.” मी लावला. केसांत धूळ होती. तेवढ्यात घंटा वाजल्या, आणि तो माझ्या हाताखालून निसटून गुरांकडे पळाला.