आकाश न पाहता खगोलशास्त्र

ऑगस्ट 2025मध्ये मुंबईत खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड झालं. भारताच्या पाच विद्यार्थ्यांनी चार सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवलं. त्याच्या बातम्या झाल्या. परीक्षा कशी होती, याची चर्चा फारशी झाली नाही. या ऑलिम्पियाडमध्ये लेखी गणितं असतातच. शिवाय निरीक्षणांची आकडेवारी हातात देऊन निष्कर्ष काढायला लावतात आणि आकाशाची ओळख, दुर्बिणीची हाताळणीही तपासतात. (ऐन पावसाळ्यात, तेही मुंबईत!)

आपल्या शाळांमधल्या अवकाश स्पर्धा मात्र बऱ्याचदा प्रश्नमंजूषा, चित्रकला आणि थर्मोकोलच्या चांद्रयानापुढे सरकत नाहीत. कोणतं यान कधी उडालं, हे मुलं घडाघडा सांगतात. मृगाच्या पोटातला बाण आभाळात दाखव, असं त्यांना कुणी म्हणत नाही.

साधनं नाहीत, ही सबब आता चालणार नाही. ‘इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन’ची लघुग्रह शोधमोहीम मोफत आहे. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं आकाशाच्या एकाच तुकड्याच्या काही मिनिटांच्या अंतरानं टिपलेल्या प्रतिमा मुलांना मिळतात. संगणकावर त्या एकामागून एक पाहायच्या. तारे जागेवर राहतात. एखादा ठिपका सरळ रेषेत सरकला, तर तो लघुग्रह असू शकतो. ‘असू शकतो’ हे महत्त्वाचं. ‘शाळकरी मुलानं लघुग्रह शोधला’ असा मथळा लगेच छापून येतो, पण ती प्राथमिक नोंद असते. कक्षा पक्की व्हायला काही वर्षं जातात. मुलांना हे वाट पाहणंही शिकवायला हवं आणि वार्ताहरांनाही.

पुणे जिल्ह्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरतं, शाळांची मुलं प्रकल्प मांडतात. याच जिल्ह्याच्या जिल्हा परिषदेनं ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीनं परीक्षा घेऊन विद्यार्थ्यांना नासा आणि इस्रोच्या भेटीसाठी निवडलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल अमेरिकेला जातं, याचा आनंदच आहे. पण जाणारी मुलं मोजकी. बाकीच्यांसाठी प्रत्येक केंद्रशाळेला एक दुर्बीण द्यावी आणि परीक्षेतले काही गुण डिसेंबरातल्या एका रात्री शाळेच्या मैदानावर आकाश पाहण्यासाठी ठेवावेत. त्या रात्री शिक्षकांना भत्ता आणि मुलांना घरी सोडायला गाडी लागेल. विमानाच्या तिकिटांपुढे तो खर्च किरकोळ आहे.