पॉइंटांचे मोल रुपयांत छापायला लावा

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

वर्षातून एकदा, दिवाळीत नाहीतर मे महिन्यात विमानाने जाणारी कुटुंबेही आता विमान कंपनीच्या नावाची क्रेडिट कार्डे घेऊ लागली आहेत. ‘खर्च तर करताच, मग तिकीट फुकट का नको?’ हा विक्रेत्याचा प्रश्न त्यांना पटतो. माझे मत स्पष्ट आहे. यातल्या बहुतेकांना हे कार्ड परवडत नाही, आणि ते परवडत नाही हे त्यांना कळावे अशी सोय कुठेच नाही. ती सोय आपण करू शकता, म्हणून हे पत्र.

हिशेब साधा आहे. समजा, वार्षिक शुल्क 3,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 3,540. खर्चाच्या एक टक्का मोलाचे पॉइंट मिळत असतील, तर साडेतीन लाखांहून जास्त खर्च केल्यावर कुठे शुल्क भरून निघते. त्यातही भाडे, इंधन, वॉलेट अशा खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत. पॉइंटांवर काढलेल्या तिकिटाचे करही बहुधा वेगळे भरावे लागतात आणि सुट्टीच्या दिवसांत तशा जागा मिळणे कठीण.

खरा घाव मात्र व्याजाचा. 50,000 रुपयांची थकबाकी महिनाभर राहिली आणि व्याजदर महिन्याला पावणेचार टक्के असला, तर व्याज 1,875 रुपये, वर जीएसटी. तेवढ्याच खर्चावर अगदी दोन टक्के परतावा धरला तरी मिळतात 1,000. एका महिन्याच्या व्याजात दोन महिन्यांचे पॉइंट बुडाले! क्रेडिट कार्डाचे व्याज वर्षाला 30 टक्क्यांवर जाऊ नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. तेव्हापासून तर ग्राहकाची सगळी भिस्त आपल्यावर आहे.

पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्या, कामानिमित्त सतत उडणाऱ्या आणि एकाच कंपनीने जाणाऱ्या माणसाला हे कार्ड नक्की फायद्याचे आहे. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

पण पॉइंट कितपत टिकतात? किंगफिशरची विमाने 2012 मध्ये थांबली. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला निघाले. जेटचे माइल्स पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिले, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते साठवले होते ती जमिनीवरच राहिली. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये गेले, बुडाले नाहीत, हे मान्य. तरीही जिच्यासाठी कार्ड घेतले ती विमानसेवाच उरली नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पॉइंटांना तसे काही नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे साठवणे मला धोक्याचे वाटते.

आपल्या बँकेच्या 2022 च्या निर्देशांनी कार्डधारकाला खूप दिले. न मागता कार्ड देण्यावरची बंदी कायम राहिली. थकबाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही, तर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड लागू झाला. शुल्क बदलण्याआधी महिनाभर कळवणेही सक्तीचे राहिले. पॉइंटांच्या बाबतीत हीच कडक शिस्त हवी. कालपर्यंत ज्या तिकिटाला जेवढे पॉइंट लागत, त्याहून जास्त उद्या लागणार असतील, तर ग्राहकाच्या दृष्टीने तीही शुल्कवाढच आहे.

म्हणून मागणी अशी: दर महिन्याच्या बिलावर शिल्लक पॉइंटांचे त्या दिवशीचे मोल रुपयांत छापावे आणि त्याशेजारीच वर्षभरात वसूल केलेले शुल्क, व्याज व कर यांची बेरीज द्यावी. पॉइंटांचे मोल घटवायचे असेल, तर किमान तीन महिने आधी लेखी कळवावे आणि तोवर जुन्याच दराने ते वापरू द्यावेत. त्या कारणाने कार्ड परत करणाऱ्याला उरलेल्या काळाचे वार्षिक शुल्क परत मिळावे.

ही आकडेमोड बँकांच्या संगणकात आधीपासून आहे. ती ग्राहकाच्या बिलावर आणण्याचा आदेश आपण द्यावा, ही विनंती.

आपला,
एक कार्डधारक प्रवासी