पत्त्यांच्या ‘करिअर’चा हिशेब

पोकर हाही एक व्यवसायच, असे काही तरुण आता बिनदिक्कत सांगतात. निपुण जावा या भारतीय खेळाडूने 2017 मध्ये लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये दोन विजेतेपदे पटकावली, हे उदाहरण त्यांना तोंडपाठ असते. जुगाराबाबत कुरआनचा हुकूम वाचकांस ठाऊक आहे. येथे केवळ धंद्याचे बोलू.

बक्षिसाची रक्कम येते खेळणाऱ्यांच्याच प्रवेश फीमधून, तीही आयोजकाचा वाटा कापून. आपला सोलापूरचा टॉवेल कारखानदार सूत, वीज, मजुरी वजा करून उरलेल्या नफ्यावर आयकर भरतो. पत्त्यांच्या बक्षिसावर मात्र सरसकट 30 टक्के कर, खर्चाची वजावट नाही. समजा, गोव्याच्या कॅसिनोत दहा स्पर्धांना प्रत्येकी 10 हजार भरले. नऊ हरल्या, एकीत लाख मिळाले. नफा शून्य, तरी कर 30 हजार, वर सेस! लॉजचे भाडे निराळेच. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानंतर मोबाईलवरच्या पैशाच्या पोकरची दुकानेही बंद झाली.

मुलगा गल्ल्यातून भांडवल मागू लागला, तर आधी त्याच्याकडे वर्षभराची वही मागा: हरलेली फी, प्रवास, मुक्काम, कर. बक्षीस घेतानाचे फोटो नकोत.