मी पुरेशी आहे, पगार पुरेसा नाही

‘मी पुरेशी आहे.’ मराठीत हे वाक्य मुळातच विचित्र वाटतं. आपल्याकडे भाजी पुरेशी असते, पाणी पुरेसं असतं, ऐनवेळी पाहुणे वाढले की कणीक पुरेशी आहे का ते बघतात. बाई पुरेशी आहे का, हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही. तरी इंग्रजीतून आलेलं हे वाक्य आता रील्समध्ये, डायरीच्या कव्हरवर आणि आमच्या ऑफिसातल्या लेडीज वॉशरूमच्या आरशावरही चिकटलेलं आहे. रोज सकाळी दहा वेळा म्हणा, आत्मविश्वास येईल, मग प्रमोशनही येईल.

पुरुषांच्या वॉशरूममध्ये असा स्टिकर नाही. मी चौकशी केली आहे.

अफर्मेशन म्हणून कुणी घरी काय पुटपुटतं याच्याशी माझं भांडण नाही. इंटरव्ह्यूला जाताना कुणी रामरक्षा म्हणतं, कुणी गाणी ऐकतं, कुणी ‘मला जमेल’ म्हणतं. छातीतली धडधड कमी होत असेल तर जरूर म्हणावं. माझं भांडण आहे ते कंपन्या याचा इलाज म्हणून वापर करतात त्याच्याशी. बायका मागे का राहतात? त्यांच्यात आत्मविश्वास कमी. उपाय काय? एक ट्रेनर बोलवा. दोषही बाईचा, गृहपाठही बाईलाच.

गेल्या महिला दिनाला आमच्याकडे असं सेशन झालं. डोळे मिटा, छातीवर हात ठेवा, माझ्यामागून म्हणा. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली होती. त्याच आठवड्यात तिला ‘सरासरी’ रेटिंग मिळालं होतं. कारण असं की वर्षातले सहाच महिने ती कामावर होती, मग तुलना कशी करणार? त्या सहा महिन्यांत तिने काय काय केलं, याची यादी तिच्याकडे होती. आत्मविश्वासही होता. नव्हता तो ही यादी वाचणारा माणूस. सेशनच्या शेवटी प्रश्नोत्तरं नव्हती, कपकेक होते.

‘इम्पोस्टर सिंड्रोम’ हा शब्द अशा सेशनमध्ये हमखास येतो. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली कर्तबगार स्त्रियांबद्दल एक निबंध लिहिला. इतकं यश मिळवूनही या स्त्रियांना ‘आपण सगळ्यांना फसवतोय’ असं का वाटतं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी याला ‘फिनॉमेनन’ म्हटलं होतं. आजाराचं नाव वाटावं असा ‘सिंड्रोम’ नंतर रूढ झाला. आजार म्हटलं की रोगी आलाच, आणि रोगी ठरली बाई. मीटिंगमध्ये तिचं वाक्य तोडणारा आणि तिचीच कल्पना पाच मिनिटांनी स्वतःची म्हणून मांडणारा मात्र ठणठणीत.

मी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून माझ्या भाषेत सांगते. रात्री दोनला सर्व्हरचा अलर्ट वाजला तर आम्ही उठून लॉग्ज बघतो. अलर्ट म्यूट करून झोपलं तर शांतता मिळते, पण सर्व्हर बंदच राहतो. ‘आपल्याला इथे कुणी मोजत नाही’ असं एखादीला सतत वाटत असेल, तर तो कदाचित तिच्या मनाचा बिघाड नसेल. अलर्ट बरोबर वाजत असेल. आधी लॉग्ज बघा.

बरं, निदान म्यूट तरी होतो का? कॅनडात जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं, त्यांना थोडं अधिक बरं वाटलं. ज्यांचा स्वाभिमान कमी होता, त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. म्हणजे ज्यांच्यासाठी औषध, त्यांनाच अपाय. क्लॉड स्टील यांच्या 1988 सालच्या सिद्धांतावर पुढे बरंच गंभीर काम झालं हे खरं. पण त्यात आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्यांबद्दल लिहायचं असतं. आरशावरच्या स्टिकरशी त्याचा संबंध तेवढाच, जेवढा डाएट चिवड्याचा डाएटशी.

आता पैशाचं बोलू. समजा, दोघं एकाच दिवशी रुजू झाले. त्याला 6 लाख 60 हजार, तिला 6 लाख. दोघांनाही दरवर्षी 10 टक्के वाढ, अगदी समान न्याय. आठ वर्षांनी तिचं वर्षाचं उत्पन्न त्याच्यापेक्षा सुमारे 1 लाख 29 हजारांनी कमी असेल. कुठल्याही अफर्मेशनने हा आकडा हलत नाही. तो हलतो त्या पदाचा पगार किती ते आधी कळलं तर. नेमकी तीच गोष्ट ‘गोपनीय’ असते.

2014 मध्ये अमेरिकेत, संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांच्याच एका परिषदेत, मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला म्हणाले होते की पगारवाढ मागण्यापेक्षा व्यवस्था योग्य ते देईल यावर विश्वास ठेवावा, न मागणं हे चांगलं कर्म आहे. गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली. पण तो सल्ला मेला नाही. तो आता मऊ आवाजात येतो: विश्वावर विश्वास ठेव, जे तुझं आहे ते तुझ्याकडे येईल.

ते येत नाही. 1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. बाई आहे म्हणून सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. प्रवेश मिळाला तो अटींवर, पहिलं वर्ष परीक्षेचं. त्यांचं काम बघून पुढे त्या संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. 1939 साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आत्मविश्वास त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. अडचण दाराची होती, आणि दार त्यांनी हलवलं.

आजची दारंही मोजता येतात. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायदा 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय मागतो. तुमच्या ऑफिसात आहे? रजेवरच्या बाईचं रेटिंग कसं ठरतं, हे कुठे लिहिलेलं आहे? मीटिंगचे मिनिट्स आणि वाढदिवसाचा केक दर वेळी कुणाच्या वाट्याला येतो, आणि ते काम अप्रेझलमध्ये कुठल्या रकान्यात धरतात? पुढच्या महिला दिनाला ट्रेनरऐवजी एचआरला समोर बसवा आणि हे विचारा.

आणि रोज काही म्हणायचंच असेल, तर म्हणण्याऐवजी लिहा. कुठल्या तारखेला काय केलं, कुठला बग सोडवला, त्याने किती वेळ वाचला, कुणी ईमेलवर आभार मानले. ‘मी सक्षम आहे’ यावर मॅनेजर मान डोलावतो आणि रेटिंग तेच ठेवतो. तारखा आणि आकडे समोर ठेवले की त्याला निदान लेखी उत्तर द्यावं लागतं. मग शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तुमचा पगार सांगा आणि तिचा विचारा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. आपल्याला वय, वजन आणि पगार लपवायला शिकवलेलं आहे. पण या तिघांपैकी एकच गोष्ट लपवल्याने कंपनीचे पैसे वाचतात.