जुन्या गाडीला रंग शेवटी

जुनी मोटार पुन्हा चालती करायची म्हटले की हौशी माणूस आधी रंगाचा डबा उघडतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी उघडावा. रंगाखाली चासीचा गंज वाढतच राहतो. चासी हातोडीने ठोकून पाहावी. धड पोलाद खणखणते, गंजलेले बद्द वाजते.

मग ब्रेक. आपल्या धाराशिव जिल्ह्यातला तुळजापूरचा घाट घ्या. 1000 किलोग्रॅमची जीप 100 मीटर खाली उतरली की सुमारे 9 लाख 80 हजार ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. एवढ्या उष्णतेने जवळजवळ तीन लिटर गार पाणी उकळीला येईल! खालचा गिअर टाकून इंजिनाला वाटा उचलू दिला नाही, तर बहुतेक उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, पकड ढिली पडते. 1953 साली जग्वारने ल मान्सची शर्यत जिंकली, ती लवकर निवणाऱ्या डिस्क ब्रेकच्या जोरावर.

ब्रेक ऑइल (नाव ऑइल, पण बहुधा ते तेल नसते) हवेतील बाष्प शोषते. म्हणून जुने ऑइल लवकर उकळते. द्रव दाबला जात नाही, वाफेचे बुडबुडे मात्र दाबले जातात. पॅडल तळाला जाते, गाडी थांबत नाही.

जुन्या जीपच्या चारही चाकांना एकाच मार्गाने दाब पोचतो. एक नळी फुटली की सारे ब्रेक गेले. तरीही ‘मूळचे तेच ठेवा’ असा काहींचा आग्रह असतो. मला तो मुळीच पटत नाही. पुढच्या व मागच्या चाकांना वेगळे मार्ग देणारा मास्टर सिलिंडर बसवावा आणि मूळचा खुशाल काचेच्या कपाटात ठेवावा.