सब्र कुठे, इलाज कुठे

आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाची नजर कमी व्हायला लागली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'उमर हो गई, अब क्या करने का.' दुसरं, 'अल्लाह की मर्जी, सब्र करो.' दोन्ही वाक्यं प्रेमानेच म्हटली जातात. पण त्यानंतर डॉक्टरकडे जायचा विषय संपतो, आणि घरातलं एक माणूस हळूहळू खाटेपुरतं उरतं.

मी माधवनगरला राहतो. सांगली इथून हाकेच्या अंतरावर, आणि मिरज त्याच्या पलीकडे. मिरजेत मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये सुरू झालं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. उत्तर कर्नाटकातले लोक रात्रीची गाडी पकडून इथे उपचाराला येतात. म्हणजे डॉक्टर लांब आहेत, असं आपल्या भागात कुणाला म्हणता येणार नाही. तरीही आमच्या मोहल्ल्यात डोळ्यांपुढे पांढरं धुकं घेऊन वर्षानुवर्षं बसलेल्या दाद्या-नान्या आहेत. त्यांना अडवणारं अंतर रस्त्याचं नाही.

देशात 2015 ते 2019 या काळात अंधत्वाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पन्नाशी ओलांडलेल्या अंध माणसांपैकी सुमारे 66 टक्के लोकांच्या अंधत्वाचं कारण मोतीबिंदू निघालं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. ते काढून नवं भिंग बसवलं की बहुतेकांना पुन्हा दिसायला लागतं. ऑपरेशनला सहसा तासही लागत नाही, माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो आणि सरकारी रुग्णालयात ते राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत होतं. म्हणजे आपण ज्याला नशीब म्हणतो आहोत, त्यातला मोठा भाग एका छोट्या ऑपरेशनने टळणारा आहे.

मग लोक जात का नाहीत? मी घराघरांतून ऐकलेली कारणं सांगतो. 'अजून पिकला नाही, पिकू दे.' ही समजूत जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातली. आता पिकायची वाट बघावी लागत नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्यातला दाब वाढवून नजर कायमची घेऊन जाऊ शकतो. दुसरं कारण, 'ऑपरेशननंतर सजदा कसा करायचा, वुजूचं पाणी डोळ्यात गेलं तर?' काही दिवस खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढता येते आणि पाण्याने अपाय होणार असेल तर त्यालाही शरीयतमध्ये सवलत आहे. आपल्या मस्जिदीच्या इमामांना विचारा, ते पाच मिनिटांत समजावून सांगतील. तिसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. म्हातारी बाई आठ दिवस पडून राहिली तर भाकऱ्या कोण थापणार, नातवंडं कोण सांभाळणार? अब्बांचा डोळा लगेच दाखवला जातो. अम्मीचा 'ईद झाली की बघू' म्हणत पुढे जातो, आणि ईदमागून ईद येत राहते.

मोतीबिंदूत उशीर झाला तरी बहुतेक वेळा नजर परत मिळते. काचबिंदूत ती मिळत नाही, म्हणून तो तरुणांनी नीट समजून घ्यायला हवा. डोळ्यातला दाब बहुधा वाढतो आणि डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरत जाते. सहसा दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं मात्र स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. माझे अब्बा शिंपीकाम करायचे. सुईत दोरा ओवताना त्यांना कधी अडचण आली नाही, पण बाजूने येणारी सायकल दिसेनाशी झाली. दोनदा धक्का लागून पडल्यावर तपासणी झाली, तेव्हा एका डोळ्याची नस बरीचशी गेलेली होती. जे गेलं ते परत आणता येत नाही, जे आहे ते राखता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून रोज ठरलेल्या वेळी ड्रॉप्स. ते आजही कपडे बेततात. फक्त मशीन खिडकीपाशी घेतलं आहे आणि उजवीकडे कुणी उभं राहायचं नाही, असा घरात नियम आहे.

काचबिंदू घराण्यात उतरतो. आई-वडिलांना असेल तर भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यावं, आणि चाळिशीनंतर प्रत्येकानेच. 'डोळ्याचा दाब आणि नस बघा' असं तोंडाने मागून घ्यावं लागतं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली, असं नाही. घरात साखरेचा आजार असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला हवा. साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि बऱ्याचदा ते दिसण्यात फरक पडण्याआधीच सुरू झालेलं असतं.

आता रमजानबद्दल. काचबिंदूचे पुष्कळ पेशंट रोजा तुटेल या भीतीने दिवसा ड्रॉप्स घालत नाहीत. महिनाभर दाब वाढत राहतो आणि नस मरत राहते. हनफी फिकहनुसार डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, घशाला कडवट चव लागली तरीही नाही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 मध्ये हाच निर्णय दिला. डोळा वाचवण्यासाठी रोजा सोडायची गरज नाही आणि रोज्यासाठी डोळा गमवायचीही नाही. येत्या रमजानच्या आधी एखाद्या जुम्म्याच्या बयानात हे दोन वाक्यांत सांगितलं गेलं, तरी कितीतरी डोळे वाचतील.

दोन सवयी मात्र सोडायला हव्यात. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात सुरमा घालायची पद्धत अजून आहे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सुरम्यांत शिसं असतं आणि ते लहान मुलाच्या मेंदूला घातक आहे. दुसरी सवय म्हणजे डोळा लाल झाला की मेडिकलवाल्याला सांगून ड्रॉप्स आणायचे. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत बरं वाटतं, पण महिनोन्महिने घातलं तर त्यानेच काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो.

याच्या उलट आपला वारसा बघा. दहाव्या-अकराव्या शतकात बगदादच्या अली इब्न ईसांनी डोळ्यांच्या आजारांवर लिहिलेला ग्रंथ पुढे कित्येक शतकं हकीम वापरत राहिले. मोसुलच्या अम्मारने पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढायची रीत लिहून ठेवली. त्यांनीही सब्राची शिकवण ऐकली होती. डोळे गेल्यावर जो सब्र करतो त्याला जन्नत मिळेल, अशा अर्थाची हदीस आहे. पण आजार झाला तर इलाज करा, हेही त्याच पैगंबरांनी (स.) सांगितलं आहे. इलाज करूनही जे हाताबाहेर राहतं, ते सोसायला सब्र. इलाज टाळायला जो शब्द वापरला जातो, त्याला आपण उगीच सब्र म्हणतो.

आणि ज्यांची नजर खरोखरच गेली आहे, त्यांचं काय? इथे आपण दुसरी चूक करतो. दृष्टिहीन मुलगा दिसला की हातात दहाची नोट ठेवतो, दुआ मागतो आणि पुढे जातो. त्याला शाळेत घालायचं कुणाला सुचत नाही. फार तर हिफ्जला बसवतात. ऐकून ऐकून कुराण पाठ करणं फार मोठी गोष्ट आहे, पण त्याच्या जोडीला गणित, इंग्रजी, कॉम्प्युटर का नको? मुलगी असेल तर तेवढंही होत नाही.

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) यांची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. ते दृष्टिहीन होते. पैगंबर (स.) मक्केच्या सरदारांशी बोलत असताना ते काही विचारायला आले, पैगंबरांच्या कपाळावर आठी आली आणि त्यावरच सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयती उतरल्या. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फारसं सांगितलं जात नाही. मदिनेत त्यांना अजान द्यायचं काम होतं. रमजानमध्ये बिलाल (रजि.) यांची अजान रात्र सरण्याआधी होई, आणि इब्न उम्मे मकतूम यांची अजान होईपर्यंत खातपीत राहा, असं पैगंबरांनी लोकांना सांगितलं होतं. म्हणजे मदिनेची सहरी थांबायची ती पहाट न दिसणाऱ्या माणसाच्या आवाजावर. लोक त्यांना सांगत, पहाट झाली, पहाट झाली, आणि मग ते अजान देत. त्यांना दिसत नाही म्हणून काम काढून घेतलं गेलं नाही. जे दिसत नव्हतं, ते सांगणारी माणसं भोवती होती. पैगंबर मदिनेबाहेर जाताना अनेकदा त्यांना मागे जबाबदारीवर ठेवून गेले.

आजच्या कायद्यातही हाच विचार आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकऱ्यांत एकूण 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा आहेत. 6 ते 18 वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. केंद्राच्या परीक्षा नियमांत लेखनिक मिळतो आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळही. हे काही खैरात म्हणून मिळत नाही. पण त्यासाठी आधी दिव्यांग ओळखपत्र काढावं लागतं, आणि आपल्या वस्त्यांत बऱ्याच घरांत ते काढलेलंच नसतं.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची नजर सहाव्या वर्षी गेली. 2016 मध्ये लागलेल्या यूपीएससीच्या निकालात त्यांचा 773 वा क्रमांक आला, पण नजरेचं कारण देऊन त्यांना रेल्वेच्या सेवेत घेतलं गेलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, 124 वा क्रमांक मिळवला आणि त्या आयएएस झाल्या. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दृष्टिहीन आहे म्हणून कुणाला न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही. त्या प्रकरणाची सुरुवात एका दृष्टिहीन मुलाच्या आईने न्यायालयाला लिहिलेल्या पत्राने झाली. मिसरचे ताहा हुसैन यांचे डोळे लहानपणी गावच्या न्हाव्याच्या उपचाराने गेले. आधी हिफ्ज, मग अल-अजहर, मग कैरो आणि पॅरिसची विद्यापीठं, आणि 1950 मध्ये ते देशाचे शिक्षणमंत्री झाले. हिफ्ज ही त्यांची पहिली पायरी होती.

आता एक अवघड विषय. पन्नाशीच्या आतल्या लोकांत अंधत्वाचं मोठं कारण म्हणजे डोळ्यात फूल पडणं, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा खराब होणं. त्यातल्या अनेकांना दुसऱ्याच्या मृत्यूनंतर मिळालेल्या पडद्यानेच दिसू शकतं, आणि तो साधारण सहा तासांच्या आत काढावा लागतो. नेत्रदानावर उलेमांत मतभेद आहेत. जेद्दाहच्याच अकादमीने 1988 मध्ये संमती असेल तर मृत्यूनंतरच्या अवयवदानाला अटींसह परवानगी दिली. आपल्याकडचे अनेक उलेमा ती मानत नाहीत. कुणावर सक्ती नको. पण आपल्यातला माणूस दुसऱ्याने दान केलेल्या पडद्यासाठी यादीत नाव घालतो, तेव्हा देण्याची चर्चा आपण टाळू शकत नाही. ती घरात, मस्जिदीत, उलेमांसमोर अदबीने पण मोकळेपणी व्हायला हवी.

हे सगळं तुम्हा तरुणांसाठी लिहितोय, कारण घरात मोबाईल तुमच्या हातात आहे आणि फॉर्म तुम्हाला भरता येतात. अम्मी-अब्बांना एकेक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगा. चाचपडल्या तर त्याच आठवड्यात रुग्णालय गाठा, आणि वाचता आलं तरी वर सांगितलेली दाबाची आणि पडद्याची तपासणी चुकवू नका. आठ दिवस भाकऱ्यांचं घरातल्या मुलग्यांनीही बघावं. मोहल्ल्यात कुणाला कमी दिसत असेल तर त्यांच्यासोबत जाऊन दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भरा. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतं, ते चालू करून शिकवा. कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम मोफत मिळतो, आणि तो मराठीही वाचतो. शेजारच्या पोराला दहावीला लेखनिक हवा असेल तर बोर्डाचे नियम शाळेतून विचारून घ्या, आणि त्यात बसत असाल तर स्वतः जाऊन बसा.

मदिनेत पहाट झाल्याचं सांगणारे लोक कोण होते, त्यांची नावं हदीसमध्ये येत नाहीत. त्यांचं काम मात्र आपल्यालाही जमण्यासारखं आहे.